निळ्या कपाटातली खूण

"माझं कपाट रंगवून परत आलं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "त्यातून गेलं काहीच नाही. उलट एक गोष्ट जास्तीची आलीय."

भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला. वहिनींकडे येणारी माणसं हरवलेल्या वस्तूंची यादी घेऊन येत. जास्तीचं काही आलं म्हणून रडवेलं झालेलं माणूस ते पहिल्यांदाच बघत होते.

वहिनींनी अठ्ठावीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीवर 'खासगी चौकशी' अशी पाटी लावली. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, टपाल खात्यातून निवृत्त, वरच्या मजल्यावर राहणारे. ते दहाच्या चहाला खाली येत आणि प्रकरण मिटेपर्यंत हलत नसत. भाऊजींना दिसतं सगळं, फक्त उमगत नाही, असं वहिनींचं मत होतं आणि ते त्यांनी लपवलेलं नव्हतं.

"जास्तीचं काय आलं?" वहिनींनी विचारलं.

"एक खूण. पेन्सिलीची." बाईंनी हातातला रुमाल घट्ट पिळला. "माझा धाकटा बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेला. अठरा वर्षांचा होता. बापाशी भांडण झालं. हे म्हणाले, चालता हो. तो खरंच चालता झाला. पत्र नाही, फोन नाही. त्या कपाटाच्या दाराला आतून त्याच्या उंचीच्या खुणा आहेत. दर वाढदिवसाला त्याला दाराशी उभं करायचं, डोक्यावर पट्टी ठेवायची आणि रेघ मारायची. शेवटची सतराव्या वर्षाची, अठराव्याला तो उभाच राहिला नाही. काल कपाट आलं आणि बघते तर तिच्या वर आणखी एक रेघ."

वहिनींनी वही उघडली.

"मला एवढंच सांगा," बाई म्हणाल्या, "तो येऊन गेला का?"

*

कपाट बाईंच्या खोलीत भिंतीला लागून होतं. बाहेरून निळंशार, पितळी मुठी लखलखीत. दार उघडलं की आतलं जुनं तपकिरी लाकूड तसंच होतं.

"लहानपणी त्याला हे निळं हवं होतं," बाई म्हणाल्या. "यांनी कधी करू दिलं नाही. सागवानाला रंग फासतात का, म्हणायचे. या वेळी मी विचारलं तर काही बोललेच नाहीत. मी रंगाऱ्याला बजावलं होतं, आतून ब्रश लावायचा नाही."

वहिनींनी टेप काढला. जुन्या खुणांपुढे वयाचे आकडे होते. सतराची खूण जमिनीपासून पाच फूट सहा इंचांवर. नव्या रेघेपुढे आकडा नव्हता, आणि ती सहा फूट तीन इंचांवर होती.

"अरे वा!" भाऊजींच्या तोंडून निघून गेलं. "पोरगा ताडमाड वाढला की!"

"भाऊजी, इकडे बघा." वहिनींनी भिंग पुढे केलं. "रेघेवर काय दिसतं?"

"पांढरा थेंब. टाचणीच्या डोक्याएवढा."

"रेघ थेंबावरून गेलीय की खालून?"

"खालून. थेंब वर आहे."

"आणि ओघळलाय?"

"छे, अगदी गोल. रंगाऱ्याचा हलगर्जीपणा, दुसरं काय."

वहिनींनी वहीत काहीतरी लिहिलं. मग वाकून कपाटाच्या पायांपासून दाराच्या खालच्या कडेपर्यंत टेप धरला आणि तेही लिहिलं. भाऊजींना वाटलं, वहिनींना आता मापं घ्यायची सवयच लागलीय.

*

रंगाऱ्याची शेड बाजाराच्या मागे होती. आत टर्पेंटाइनचा वास भरला होता, आणि आत शिरायचं दार इतकं बुटकं होतं की भाऊजींचं कपाळ चौकटीवर आपटलं.

"सोमवारी सकाळी टेम्पो आला," रंगारी हात पुसत म्हणाला. "ताई बरोबर होत्या, बाईंची थोरली मुलगी. मी लगेच दारं उतरवली, या लाकडी घोड्यांवर आडवी टाकली, आतली बाजू वर. दिवसभर कडांना पांढरा प्रायमर मारला. संध्याकाळी दारं उलटी केली आणि मग आतल्या बाजूकडे बघायचं कारणच नव्हतं. पाय किडले होते, ते नवे केले. जुन्याइतकेच, सहा इंचाचे. काय वहिनी, काही चुकलं का?"

"सोमवारी आणखी कोण आलं?"

"दुपारी काका आले, बाईंचे यजमान, शिंपीकाका. मुठी घरी राहिल्या होत्या, त्या द्यायला. म्हणाले, तू चहाला जा, मी बसतो. भला माणूस."

"आणि अनोळखी कोणी?"

रंगाऱ्याने डोकं खाजवलं. "हां, शनिवारी एक दाढीवाला आला होता. इतका उंच की या दारातून पार वाकून आला. कपाटाकडे बघत उभा राहिला बराच वेळ. निळं कपाट विकायचंय का, म्हणाला. मी नाही म्हटलं तर गेला."

भाऊजींनी वहिनींचा दंड धरला. बाहेर येईपर्यंत त्यांना दम निघत नव्हता.

"तोच! वहिनी, तोच तो! सव्वासहा फूट, वाकून आला, कपाटाकडे बघत राहिला. आईचं कपाट ओळखलं त्यानं. चला, बाईंना सांगू."

"नको."

"अहो, पण ती माऊली तिकडे वाट बघत..."

"म्हणूनच नको, भाऊजी. चुकीचं सांगितलं तर तिचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल."

भाऊजी वहिनींच्या मागून चालू लागले. त्यांना मनापासून वाटत होतं की तो दाढीवालाच असावा. इतकं वाटत होतं की त्यांना स्वतःचाच राग आला.

*

थोरली औषधांच्या दुकानात काम करत होती. ती गिऱ्हाईकाला बाटली देता देता बोलली.

"मी नाही केली ती खूण. करावीशी वाटली असती, हे मात्र खरं. आई रोज ते दार उघडून बसते. तो कुठे आहे हे मला कळलं असतं तर मी छपरावर चढून ओरडले असते."

"रंगवायची कल्पना कुणाची?"

"माझी. बाबा नाही म्हणतील अशी खात्री होती, पण ते काही बोललेच नाहीत. मागच्या महिन्यात मशीनचा एक पार्ट आणायला म्हणून दोन दिवस बाहेरगावी गेले आणि हात हलवत परत आले. तेव्हापासून घरात असून नसल्यासारखे आहेत. वय झालं, दुसरं काय."

शिंपीकाका घराच्या ओट्यावरच्या खोलीत मशीनवर बसले होते. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तो विषय या घरात निघत नाही," ते म्हणाले. "आणि कपाट बायकोचं आहे. मला काय विचारता?"

"सोमवारी तुम्ही शेडवर होतात."

"मुठी द्यायला गेलो होतो. दिल्या, आलो." त्यांनी टेबलावर एक पडदा पसरला. कापडाच्या कडेला टेपचं टोक अंगठ्याने दाबलं, न बघता सर्रकन टेप ओढला आणि खूण केली. पडदा टेबलावर तिरका पडला होता, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती. "आणि कुणाचे पोरखेळ शोधायला माझ्याकडे वेळ नाही."

"हात मात्र अजून चांगला चालतो तुमचा," वहिनी म्हणाल्या.

"चाळीस वर्षं झाली. कापड कडेपासून मोजायचं, बाकी जग कुठे का पडलेलं असेना."

*

दुपारी तीनला सगळे कपाटापाशी जमले. बाई पलंगाच्या कडेवर, थोरली खिडकीशी, काका दारात, अर्धे आत आणि अर्धे बाहेर. भाऊजींनी खुर्ची घेतली आणि बाईंच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

"आधी वाईट बातमी," वहिनी म्हणाल्या. "बाई, तो इथे आला नव्हता. या दाराशी कोणीच उभं राहिलेलं नाही."

बाईंनी डोळे मिटले.

"रेघेवर प्रायमरचा थेंब आहे. म्हणजे रेघ आधीची आणि थेंब नंतरचा. बाई रोज हे दार उघडतात, रेघ सोमवारपूर्वीची असती तर त्यांना दिसली असती. प्रायमर सोमवारी लागला, संध्याकाळी दारं उलटली. त्यामुळे खूण सोमवारी, दारं उलटायच्या आत झाली. आमच्या भाऊजींचा एक उमेदवार होता, दाढीवाला. पण तो शनिवारी आला. त्यानं 'निळं कपाट' विचारलं, तेव्हा ही रेघ पाच दिवसांची जुनी होती."

भाऊजींनी मान खाली घातली.

"शिवाय थेंब गोल आहे. उभ्या दारावर तो ओघळला असता. तेव्हा दार घोड्यांवर आडवं होतं, आणि आडव्या दाराशी पाठ लावून कोण उभं राहणार? म्हणजे कोणीतरी मोजून रेघ मारली."

"रंगाऱ्यानं?" थोरलीने विचारलं.

"त्याला तुझ्या भावाचं नावही माहीत नाही. उरलीस तू आणि तुझे बाबा. तू आईला बरं वाटावं म्हणून केली असतीस असं मलाही आधी वाटलं. पण खोटं बोलणारा माणूस पटेल असं बोलतो, हे मी अठ्ठावीस वर्षं पाहिलंय. तू दोन-तीन इंच वर रेघ मारली असतीस. सतराव्या वर्षानंतर नऊ इंच कोण वाढतं? इतकं न पटणारं माप कोणी रचत नाही. ते खरं माप असतं, फक्त चुकीच्या जागेपासून घेतलेलं."

वहिनींनी टेपचं टोक दाराच्या खालच्या कडेला लावलं.

"हे कपाट सहा इंचांच्या पायांवर उभं आहे. दार जमिनीपासून नाही, सहा इंचांवरून सुरू होतं. दार बाहेर काढून आडवं ठेवलं की पाय डोळ्यांसमोर राहत नाहीत. रंगारी ते विसरणार नाही, पाय त्यानंच बसवले. पण कोणी जर सवयीनं कडेपासूनच मोजलं..." त्यांनी टेप वर नेला. "पाच फूट नऊ. तिशीतल्या माणसाची अगदी सरळ उंची. सतरापेक्षा तीन इंच जास्त. कडेपासून मोजायची सवय या घरात एकालाच आहे. आणि पाच फूट नऊ हा आकडा ज्याला ठाऊक होता, त्यानं मुलाला पाहिलंय. मागच्या महिन्यात, मशीनचा पार्ट आणायला गेला तेव्हा."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. शिंपीकाकांनी चौकट धरली होती.

"अहो?" बाई म्हणाल्या. एवढंच.

"त्याच्या शाळेतल्या एकानं पत्ता दिला." काका म्हणाले. "सायकलींचं दुकान आहे त्याचं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, डोकं बरोबर वरच्या कडीपाशी. मी समोरच्या बाजूला होतो. सकाळपासून दुपारपर्यंत उभा होतो, पण रस्ता ओलांडवेना. तो कुलूप लावून जेवायला गेला, मग ओलांडला. कडीपर्यंत टेप धरला आणि परत आलो."

"माप घेऊन आलात," बाई म्हणाल्या. "मुलगा तिथंच ठेवून माप घेऊन आलात."

"तुला सांगायचं होतं गं. तोंडच उघडेना. म्हटलं, तुला खुणेतून तरी कळेल की तो आहे, धडधाकट आहे. चष्मा नव्हता, रंगारी कधीही परत आला असता. जुन्या खुणांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रेघ मारताच आली नसती."

थोरली रडू लागली. भाऊजींना तो म्हातारा दिसत होता, बंद दुकानापुढे टाचा उंचावून टेप धरणारा. लोकांना काय वाटलं असेल, असा वेडा विचार त्यांच्या मनात आला.

बाईंचा राग मात्र गिळला जात नव्हता. मग त्यांनी एकदम विचारलं, "वाळलाय का?"

"नाही. जरा अंगानं भरलाय."

"केस?"

"पुढून विरळ झालेत. माझ्यासारखे."

"बरोबर कोणी होतं?"

"कोणी नव्हतं. पण दुकानात दोन डबे होते जेवणाचे."

बाई उठल्या. कपाटाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पर्स काखेत मारली, पायात चपला घातल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"पावणेचारची बस मिळेल. चला."

"अगं, पण तो बोलणार नाही. मी त्याला काय काय बोललोय. दुकानात पाऊल ठेवू देणार नाही तो."

"गिऱ्हाईक म्हणून गेलं तर ठेवू देईल ना? म्हणेन, सायकल दुरुस्त करून द्या. आणि ती होईपर्यंत बसून राहीन."

"आपल्याकडे सायकल कुठाय?"

"वाटेत घेऊ एक," बाई म्हणाल्या. "मोडकीच बघून घेऊ, म्हणजे वेळ लागेल."

शिंपीकाकांनी गळ्यातला टेप काढून पलंगावर ठेवला आणि त्यांच्यामागून निघाले.