ताई, एमचं नाव लुआ

"मावशी, लेकराचं नाव लुआ," हाताची घडी घालून, मान तुकवून ती म्हणाली, आणि टेबलामागच्या बाईंचा चेहरा पडला. बाई फार तर तिशीच्या! त्यांनी तिचा अर्ज न वाचताच ढिगाखाली सरकवला.

मागून कोणीतरी खुदकन हसलं.

"हसायला काय झालं?" लुआ फणकारली.

"काही नाही... माझ्या बहिणीला कोणी मावशी म्हटलं, तर ती दोन दिवस जेवत नाही."

थुआन त्याचं नाव. तोही शेवटच्याच वर्षाला, पण मधे दोन वर्षं सैन्यात काढून आलेला. लुआ त्याला चांगलं सुनावणार होती, पण डोळ्यांत पाणीच आलं. कांथो शहरातल्या कॉलेजच्या पटांगणात आज भरतीची पन्नास टेबलं होती, पण मत्स्यशास्त्रवाल्यांसाठी दोनच, आणि त्यातलं एक तिने हे असं घालवलं. आज काम मिळालं नाही, तर रविवारी बाबा न्यायला येणार. मग गावचं, नामकानचं कोळंबीचं तळं आणि ती, जन्मभर!

"गावात मोठ्यांपुढे सगळे स्वतःला लेकरूच म्हणतात," ती पुटपुटली. "दुसरं तोंडातच येत नाही."

आमच्या भाषेत मोठ्यांपुढे नुसतं 'मी' म्हणून भागत नाही ना! समोरचा आपला कोण लागतो ते आधी ठरवायचं, मग तोंड उघडायचं.

"'एम' म्हण. धाकटी. 'ताई, एमचं नाव लुआ.' चल, मी ताई."

"तू ताई?" तिला रडतारडता हसू फुटलं.

"बरं, मग मला 'आन' म्हण. दोन वर्षांनी थोरला आहे तुझ्याहून."

लुआने मान खाली घातली. आन आणि एम... थोरल्या-धाकट्यांचेच शब्द. पण नवराबायकोही एकमेकांना हेच म्हणतात, आणि लग्नाआधीचे जीव जडलेलेही.

"घाबरलीस?"

"कशाला घाबरू?" तिने मान वर केली. "आन... एमचं नाव लुआ. एम... नामकानची..."

पुढचं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. फायलीने वारा घेणारा त्याचा हातही थांबला.

"पुन्हा म्हण," तो हळूच म्हणाला.

"का? जमलं नाही?"

"जमलं. तरी म्हण."

तिने म्हटलं. तीनदा, चारदा. मग दोघं दुसऱ्या टेबलाच्या रांगेत पुढेमागे उभी राहिली. हातिएनच्या कोळंबी कारखान्यात तपासनीस हवा होता, आणि जागा एकच होती.

"ताई, एमचं नाव लुआ."

इथल्या बाई प्रसन्न हसल्या. खारं पाणी, कोळंबीचे रोग, सगळं विचारून झालं. मग पेन थांबवून त्या म्हणाल्या, "कोणी आहे का गं? वर्षभरात लग्न करून निघून जाणाऱ्या मुली आम्हाला नकोत."

सकाळी विचारलं असतं, तर 'नाही' म्हणून ती मोकळी झाली असती. आता मागे दोन हातांवर थुआन उभा होता, सगळं ऐकत. नाही म्हटलं की नोकरी! एवढंच तर म्हणायचं होतं, पण जीभ रेटेना.

"आहे," लुआ म्हणाली. "आजच कळलंय. पण ताई, एम काम सोडून जाणार नाही. त्याला यायचं तर तो येईल."

बाईंनी लिहून घेतलं.

थुआनला सगळं विचारलं, तेवढं सोडून. तरी तो उठेना.

"झालं की तुझं," बाई म्हणाल्या.

"कोणी आहे का, ते मला नाही विचारलंत."

"मुलग्यांना नाही विचारत."

"तरी लिहून घ्या, ताई. आहे."

चार वाजता फळ्यावर नाव लागलं. लुआचं. ती किती वेळ नुसती बघत राहिली. मग शेजारी वळून बघायचा धीर होईना.

"मला फार हवी होती गं ही नोकरी," थुआन म्हणाला. आवाज ओला होता, आणि तो त्याने लपवला नाही.

"माहितेय."

"आणि तूही."

भर पटांगणात, सगळ्यांदेखत लुआने त्याचा हात धरला. हातिएनची बस पाच तास घेते, ती म्हणाली, आणि खिडकीची जागा हवी तर त्याने सकाळी लवकर यायला हवं.