एकशे तेरा बंड्या

कारखाना एकच, छप्पर एकच. मग आत पंप किती?

कोठीत विचारलं, उत्तर आलं एकशे ऐंशी. जोडणीच्या खोलीत विचारलं, उत्तर आलं एकही नाही. रवानगीच्या खोलीत (जिथून तयार माल बाहेर पाठवतात तिथं) विचारलं, तर तिथला संगणक म्हणाला, पंप कशाला मोजता? एकशे वीस बंड्या कालच तयार झाल्या आहेत!

ही तीन उत्तरं ऐकून बारा वर्षांच्या कौतिका मडावीचं डोकं सटकलं.

"तयार हायेत ना? मंग दाखवा," ती म्हणाली. "एक तरी दाखवा."

दाखवायला कोणाकडे काही नव्हतं.

ही गोष्ट आजपासून वीस-बावीस वर्षांनंतरच्या चंद्रपुरातली. ऊन तिथं आजही कमी नाही, पण तोवर मे महिन्यात पारा एकोणपन्नासाला टेकू लागला होता. म्हणून कायदा झाला होता, की पंचेचाळीस अंशांच्या वर उघड्यावर काम करणाऱ्याच्या अंगात गारबंडी पाहिजेच. बंडी साधीच. तिच्या आत बारीक नळ्यांची वेटोळी असतात आणि त्यांतून पाणी फिरत राहतं. ते फिरवायला सुपारीएवढा पंप असतो. पाठीवरची एक पट्टी पाण्यातली उष्णता शोषून बाहेर टाकते आणि ती चालते बॅटरीवर. एवढ्यानं माणूस भर उन्हात तग धरतो.

कौतिकाची आई फुलवंती रस्त्यावर डांबर टाकायच्या कामावर होती. त्या कामावर एकशे वीस माणसं. शुक्रवारी सकाळी ठेकेदाराच्या फोनवर कारखान्याचा निरोप आला, बंड्या तयार आहेत. त्यानं सगळ्यांना कामावर उभं केलं. "लागा तोवर कामाले, गाडी येऊनच रायली." नऊ वाजले, दहा वाजले, गाडी आली नाही. अकराला पारा सत्तेचाळीसवर गेला आणि फुलवंती गरम डांबराच्या कडेला कोसळली. हातभर इकडे पडली म्हणून वाचली. दवाखान्यात सलाइनच्या दोन बाटल्या चढल्या तेव्हा तिनं डोळे उघडले, आणि उघडल्या उघडल्या विचारलं काय, तर, "सोमवारी काम हाये ना?"

म्हणूनच शनिवारी सकाळी कौतिका कारखान्यात येऊन उभी होती. तिला घेऊन आले होते शेजारच्या गल्लीतले वाघुजी मेश्राम. गारबंडी शोधून काढणारे शास्त्रज्ञ ते हेच. आता सत्तरी ओलांडलेले, निवृत्त. वस्तीत सगळे त्यांना आबाजी म्हणत. रागावले की ते गप्प होत, आणि आज ते घरापासून इथवर एक शब्द बोलले नव्हते.

कारखान्याच्या व्यवस्थापक पद्मजा गौरकार घाईनं आल्या. "आबाजी, तुम्ही? बसा ना. ताक मागवते."

"ताक नको," आबाजी म्हणाले. "बंड्या तयार नसताना तयार आहेत असा निरोप कोणी धाडला?"

"माणसानं नाही हो. रवानगीच्या संगणकात बंड्यांची तारीख भरलेली होती. ती उजाडली की तो आपोआप 'तयार' असं लिहितो."

"न पाहता?"

"त्याला जोडणीच्या खोलीतलं दिसतच नाही. तो संगणक वेगळा."

कौतिका मध्येच बोलली, "बाई, माह्या मायलेबी दिसत नव्हतं. चक्कर येऊन पडली ती!"

पद्मजाबाईंची मान खाली गेली.

कोठी सांभाळणारे धर्मा टेकाम मात्र तावातावानं पुढे आले. "माह्या कोठीचा हिशेब पक्का हाये, आबाजी! पडद्यावर पाहा, एकशे ऐंशी पंप. माहा एक पंप इकडचा तिकडं होत नाही."

"फळीवर किती आहेत, धर्मा?"

धर्माकाका फळीकडे गेले. मोजून परत आले तेव्हा आवाज बसला होता. "नऊ."

आबाजींनी शीळ घातली. तशी दारातून एक गोल गरगरीत यंत्रमानव घरंगळत आत आला. हिरवा रंग, वर बसकं डोकं. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं होतं ढेमस. या खोलीतला माल त्या खोलीत नेणं हे त्याचं काम.

"ढेमस, गेल्या वर्षभरात कोठीतून पंप उचलून तू कुठं कुठं नेलेस?"

"सांगू का?" ढेमसनं धर्माकाकांकडे पाहिलं. "मला गप्प राहायला सांगितलं आहे."

"कोणी?"

"सगळ्यांनी. वेगवेगळं बोलावून."

कौतिकाला हसू फुटलं, पण तिनं ते गिळलं. आज तिला हसायचं नव्हतं.

"सांग तू," आबाजी म्हणाले.

ढेमस पुढे आणि बाकी सगळे मागे, अशी वरात निघाली. जोडणीच्या खोलीत मोठ्या यंत्रामागे एक पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात एक्केचाळीस पंप. दुरुस्तीच्या खोलीत माळ्यावर दुसरी, तिच्यात अठ्ठावीस. तपासणीच्या खोलीत पाण्याच्या माठामागे तिसरी, तिच्यात बावीस. शेवटी ढेमस परत कोठीतच आला आणि धर्माकाकांच्या खुर्चीखाली बोट दाखवून उभा राहिला. त्या पेटीत तेरा.

"हे काय आहे?" कौतिकानं विचारलं.

"वेळेची पेटी," धर्माकाका पुटपुटले.

त्याचं असं झालं होतं. काही वर्षांपूर्वी इरई नदीला पूर आला, रस्ते तुटले आणि दोन महिने माल येईना. तेव्हापासून प्रत्येक खोलीनं आपापली एक पेटी लपवायला सुरुवात केली. वेळेला आपल्याजवळ असावं, दुसऱ्याकडे हात पसरायला लागू नये. घरात बाया धान्याचं एक मडकं बाजूला काढून ठेवतात, तसं. फरक एवढाच, की घरातलं मडकं घरासाठी असतं. इथं एका घरातली चार माणसं एकमेकांपासून मडकी लपवत होती आणि चूल विझलेली होती.

"नऊ, एक्केचाळीस, अठ्ठावीस, बावीस, तेरा," कौतिकानं बोटांवर बेरीज केली. "एकशे तेरा! पंप इथंच होते. इथंच! आन् माही माय तिकडं..."

तिनं पायातली चप्पल काढून पेटीवर हाणली. टण्णकन् आवाज झाला. कोणी तिला रागावलं नाही.

"मार, पोरी, मार," धर्माकाका हळूच म्हणाले. "आमी सारेच शहाणे निघालो, आन् कारखाना येडा झाला."

"पण कोठीत तर एकशे ऐंशी दाखवत होतं," कौतिका म्हणाली. "बाकीचे सदुसष्ट कुठी गेले?"

"ते मागच्या बंड्यांत लागले," ढेमस म्हणाला. "जोडणीच्या संगणकानं ते लिहिलं. कोठीच्या संगणकाला कोणी सांगितलं नाही."

आता आबाजींचा आवाज चढला. "पद्मजा, दोन वर्षांपूर्वी मी भांडून भांडून 'मेळ' आणायला लावला होता. तो कुठं आहे?"

पद्मजाबाईंनी भिंतीवरचा मोठा पडदा दाखवला. त्यावर कारखान्याच्या वर्धापनदिनाचे फोटो फिरत होते.

"वा! औषध आणलं, बाटलीला हार घातला आणि ताप उतरत नाही म्हणून रडताय!"

"मेळ म्हंजे काय?" कौतिकानं विचारलं.

आबाजी खाली पेटीवर बसले. "मोठ्या कारखान्यांत त्याला ईआरपी म्हणतात. उद्योग-संसाधन नियोजन (कारखान्यातला माल, माणसं, यंत्रं आणि वेळ या सगळ्यांचा एका जागी मेळ घालणारी संगणकप्रणाली). आता या कारखान्यात संगणक पाच आहेत. एकेक इतका हुशार, की चंद्रावर नेऊन ठेव. पण एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही. मेळमध्ये माहितीचा साठा एकच असतो. कोठीतून पंप उचलला, की तिथं एक कमी झाला आणि जोडणीत एक वाढला, हे त्याच क्षणी सगळ्यांना दिसतं. बंडी खरंच शिवून, तपासून झाल्याशिवाय रवानगीला 'तयार' असं लिहिताच येत नाही."

"मंग वापरला कायले नाही?"

धर्माकाकांनीच सांगितलं. "त्यात खरं भरलं असतं तर पेट्या दिसल्या असत्या, पोरी."

"तर मंग आता भरा," कौतिका म्हणाली. "आत्ताच. मी इथंच बसते."

ती खरोखरच दारात मांडी घालून बसली.

दुपारपर्यंत ढेमसनं आणि माणसांनी मिळून कारखान्यातली एकूण एक वस्तू मोजली. कोणी कुरकुर केली की कौतिका नुसती बघायची. मग मेळ चालू झाला. पहिल्यांदा त्यात साहित्ययादी भरली (एक वस्तू बनवायला काय काय आणि किती लागतं त्याची यादी). एका बंडीला एक पंप, एक पट्टी, एक बॅटरी आणि नळीची दोन वेटोळी. पडद्यावर आकडे आले. पंप ११३, पट्ट्या १५१, वेटोळी २८८, बॅटऱ्या ७०.

"आता सांग, बंड्या किती होतील?" आबाजींनी विचारलं.

कौतिकानं भुवया आवळल्या. "पट्ट्या दीडशे असून काय उपयोग? जे सगळ्यात कमी तेवढ्याच होतील. सत्तर."

"बरोब्बर. बैलगाडी हळू चालणाऱ्या बैलाच्या चालीनं जाते. आजवर जो तो आपापला बैल पाहत होता. गाडी कोणाला दिसतच नव्हती."

तेवढ्यात पडद्यावर एक लाल ओळ उमटली. 'याशिवाय आणखी साठ बॅटऱ्या दुसऱ्या मागणीसाठी राखीव आहेत.'

"कोणाच्या?" कौतिका उठून उभी राहिली.

पद्मजाबाईंनी ओळ उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. "शहराबाहेरच्या बंगल्यांसाठी. कुत्र्यांच्या गारबंड्या. त्यांची तारीख वीस जून."

"कुत्र्यायच्या!"

"त्यालाही ऊन लागतं, पोरी," आबाजी शांतपणे म्हणाले. "कुत्र्यावर राग नको. तारखा बघ."

कौतिकानं पाहिलं. वरच्या ओळीत वीस जून. खालच्या ओळीत, एकशे वीस माणसांच्या बंड्या, आठ मे. आणि आज होता नऊ मे. विक्रीच्या संगणकात एक मागणी होती, जोडणीच्या संगणकात दुसरी. दोन्ही ओळी एकाखाली एक आजवर कोणी पाहिल्याच नव्हत्या.

"मेळ, तूच सांग, बॅटऱ्या कोणाले देऊ?" कौतिकानं पडद्यालाच विचारलं.

"तो नाही सांगणार," आबाजी म्हणाले. "तो फक्त खरं काय ते समोर मांडतो. ठरवायचं माणसानं."

पद्मजाबाईंनी क्षणभरही वेळ घेतला नाही. त्रेचाळीस बॅटऱ्या त्यांनी इकडे वळवल्या. तेवढ्याच नव्या बॅटऱ्यांची मागणी मेळनं लागलीच पुरवठादाराकडे धाडली. त्या दहा दिवसांत येणार होत्या, म्हणजे कुत्रीही बंडीविना राहत नव्हती. मग त्यानं सात कमी पडणाऱ्या पंपांची चौकशी केली. उत्तर आलं, बुधवारी सकाळी. कोणत्या यंत्रावर तासाला किती बंड्या निघतील, रविवारी कोण कोण कामाला येऊ शकतं, हेही त्यानं जुळवून दाखवलं. सगळ्यात खाली आकडा आला. 'रविवार संध्याकाळ: ११३ बंड्या. बुधवार दुपार: ७ बंड्या.'

पद्मजाबाई कौतिकाजवळ आल्या. "पहिली बंडी तुझ्या आईला. मी स्वतः घेऊन येते."

कौतिका पुन्हा भडकली. "पहिली कायले? ती पडली म्हणून? आधी म्हाताऱ्या माणसायले द्या. माही माय बुधवारपर्यंत घरी आराम करते, डॉक्टरनंबी तेच सांगितलं. तिले एकशे चौदावी द्या. पण बुधवार म्हंजे बुधवार!"

रविवारी संध्याकाळी एकशे तेरा बंड्या गाडीत चढल्या. एकेक मोजून.

सोमवारी सकाळी फुलवंतीच्या फोनवर ठेकेदार बोलला. "ये ना, बाई. बंडी येऊनच रायली."

फुलवंतीनं पदर खोचलासुद्धा. कौतिकानं तिच्या हातातून फोन काढून घेतला. मेळची खिडकी आता फोनवर ठेकेदारालाही दिसत होती आणि तिलाही.

"काका, एकशे चौदावी बंडी पंपाची वाट पाहून रायली. तसं लिहेल हाये, तुमच्या फोनवरबी हाये. वाचून दाखवू का तुमाले? बंडीविना कामावर उभं केलं तर कायदा काय म्हणते, तेबी वाचू?"

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. "बरं बरं. बुधवारी ये म्हणा."

"केवढ्यानं बोलतेस ग मोठ्या माणसाशी," फुलवंती म्हणाली आणि खाटेवर परत आडवी झाली. दोन दिवस ती झोपली. एवढं ती कौतिकाच्या जन्मापासून झोपली नव्हती.

बुधवारी दुपारी सात बंड्या आल्या. फुलवंतीनं बंडी चढवली, बटण दाबलं आणि गार पाणी पाठीवरून फिरताच "अगं बाई!" म्हणून लहान मुलीसारखी दचकली.

कौतिका तिथं थांबली नाही. ती तडक कारखान्यात गेली. आबाजी आणि पद्मजाबाई पडद्यासमोर बसून मेळला हवामान खात्याची माहिती जोडत होते, म्हणजे उन्हाची लाट येण्याआधीच कारखान्याला कळावं.

"आता कशाला आलीस? झालं ना काम?" आबाजींनी विचारलं.

"माह्या मायचं झालं. नदीपलीकडं वीटभट्ट्या हायेत. तिथं तीनशे चाळीस माणसं हायेत. मी काल जाऊन मोजून आली. त्यायच्याजवळ एकबी बंडी नाही. भट्टीवाले म्हणतात, कोणी विचारलंच नाही." तिचे डोळे पुन्हा लाल झाले होते. "त्यायची ओळ कुठी हाये यात?"

ओळ नव्हतीच. पद्मजाबाई उठल्या आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. कौतिकानं एकेका बोटानं अक्षरं दाबली. बंड्या, तीनशे चाळीस. तारखेपाशी ती थांबली, विचार केला आणि पुढच्या वर्षीचा एक मार्च लिहिला. ऊन तापायच्या आधीचा.

मेळनं घडीभर हिशेब केला आणि उत्तर दिलं. 'शक्य आहे. पंपांची मागणी आजच नोंदवावी लागेल.'

"मंग बघता काय?" कौतिका ओरडली. "नोंदवा!"