मोरपंखी रेघ

"अहवाल आजच्या टपालातच हवा, साहेब. बाराच्या फेरीबोटीने. कारण आणि दोषी, दोन्ही रकाने भरून," किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहरातल्या मुख्य कार्यालयातली बाई फोनवर म्हणाली.

"फेरी आज येणार आहे?" रोकोने विचारलं.

"दुरुस्त झाली ना ती. तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

रोकोला कुणीच कधी काही कळवत नसे. तो बेटावरच्या बंदर कार्यालयाचा प्रमुख होता, म्हणजे एका खोलीचा, एका खुर्चीचा आणि न चालणाऱ्या एका प्रिंटरचा. आठ दिवस फेरी बंद होती. बेटावर पीठ संपलं, शाई संपली आणि शेवटी रोकोची सहनशक्तीही संपली. त्यात कालचा स्फोट.

टेबलावर स्टीलच्या ताटलीत बोटभर लांबीचा नळीचा तुकडा होता. पारदर्शक प्लास्टिक, पिवळट पडलेलं, हाडासारखं कडक. त्याच्या एका टोकाला क्लिप अजून घट्ट बसलेली होती.

काल पहाटे म्हातारा फ्राने तापातून उठून आपल्या छोट्या बोटीवर गेला. बोटीच्या पोटात जुन्या मोटारीचं पेट्रोल इंजिन होतं. इंजिन सुरू झालं आणि तीन मिनिटांत भडका उडाला. दोन्ही हात भाजले. हेलिकॉप्टरने त्याला स्प्लिटला नेलं. बोट जळून गेली. टाकीजवळचा हा तुकडा तळातल्या पाण्यात होता, म्हणून वाचला.

गेल्या मंगळवारीच बंदरातल्या मिस्त्रीणबाईंनी, विंकाने, त्या बोटीची पेट्रोलची नळी बदलली होती. पावतीवर लिहिलं होतं, 'काळी, पेट्रोलसाठीची, एक मीटर.' आणि ताटलीत होतं हे प्लास्टिक.

रोकोने रात्रीच फॉर्म भरून टाकला होता. कारण, सदोष काम. दोषी, विंका. फक्त सही बाकी होती. सही झाली की विंकाचा परवाना गेला. परवान्यामागून वर्कशॉपही जाणार, हे त्याला माहीत होतं. पण त्या नळीच्या आत वाळूसारखे बारीक खडे चिकटले होते, जांभळट. कोऱ्या नळीत खडे कुठून आले? त्या खड्यांनी त्याची झोप उडवली होती आणि त्याचाही त्याला राग आला होता.

दार न वाजवता श्पिरो आत आला. फ्रानेच्या शेजारी याची बोट लागते. कालच्या आगीत उडी घालून फ्रानेला यानेच ओढून काढलं. डावा हात बँडेजमध्ये होता आणि कालपासून अख्खं बंदर त्याला कॉफी पाजत होतं.

"काय कप्तान, झाली का सही?" रोको आयुष्यात कधी कप्तान नव्हता. बंदरावर त्याला चिडवायला तसं म्हणत.

"तुला काय घाई?"

"मला कसली घाई! पण त्या बाईने उद्या आणखी कुणाला जाळायला नको. अहो, मीच वाचलो. माझी नळी पार तडकलीय, पेट्रोल टपकतंय. गेलो होतो तिच्याकडे. म्हणाली, शेवटचा मीटर फ्रानेला लागला, फेरी आली की देते. नशीब माझं! बरं, रविवारी दिलेली म्हाकुलं कशी होती? आदल्या दिवशीचीच होती, एकदम ताजी."

"चांगली होती," रोको म्हणाला. ती खरंच चांगली होती. त्याच्या बायकोने ती मासळी कुरकुरीत तळली होती.

*

विंकाच्या वर्कशॉपसमोर परवापर्यंत तीन बोटी दुरुस्तीला उभ्या होत्या. आज एकही नव्हती. लोकांनी एका दिवसात ओढून नेल्या होत्या. विंका स्टुलावर बसून एकच स्वच्छ पाना पुन्हा पुन्हा पुसत होती. वय छप्पन्न, केस आखूड, नखं मुळापर्यंत कापलेली आणि ग्रीसने काळी.

"परत आलात?"

"श्योरा विंका, नळी कोणती घातली होती?" बेटावर बाईंना श्योरा म्हणतात.

"काळी. पाचव्यांदा सांगतेय. सहाव्यांदा यायचं असेल तर भिंतीवर लिहून ठेवते, वाचून जा."

"कशी घातली?"

"जशी घालतात तशी. बॅटरीची वायर काढली. झाकण उघडून अर्धा तास वारा खेळू दिला. टाकीची तोटी बंद केली, उरलेलं पेट्रोल डब्यात काढलं. नवी नळी तोटीच्या कंगोऱ्यांच्या पार मागे ढकलली, मग क्लिप आवळली. टाकी उघडली, प्रत्येक सांध्यावर कोरडं फडकं फिरवलं आणि ते हुंगलं. फ्रानेलाही बजावलं, रोज आधी झाकण उघड, हुंग, मगच किल्ली फिरव."

"मग बोटीत प्लास्टिक कुठून आलं?"

"ते तुम्ही शोधा! पगार तुम्हाला मिळतो ना त्याचा? तो तुकडा मला दाखवा एकदा. दोन मिनिटांत सांगते."

"संशयिताला पुरावा दाखवता येत नाही. नियम आहे."

"नियम!" तिने पाना टेबलावर आदळला. "चोवीस वर्षं या बंदराची इंजिनं हुंगतेय मी. काल माझ्या सख्ख्या शेजारणीने मला बघून खिडकी लावून घेतली. त्यावर काही नियम आहे का तुमच्याकडे?"

रोकोने टेबलाकडे पाहिलं. पान्यांच्या रांगेत नेलपॉलिशची एक बाटली उभी होती, मोरपंखी रंगाची. तो उगाच बोलून गेला, "नखं रंगवायला बरा वेळ मिळतो तुम्हाला."

"भाचीने दिलीय. निघा आता."

तो निघाला आणि रस्ताभर स्वतःच्याच जिभेवर चिडत राहिला.

*

फ्रानेची बायको पेरिना स्प्लिटला जायला पिशवी भरत होती. तिने त्याला बसवलं आणि न विचारता वाइनचा ग्लास पुढे केला. या बेटावर त्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही.

"तेता पेरिना, काल काय पाहिलंत?" बेटावर वयस्कर बाईला तेता, म्हणजे मावशी, आणि वयस्कर माणसाला बार्बा, म्हणजे काका, म्हणतात.

"खिडकीत होते मी. म्हटलं होतं, ताप आत्ता उतरलाय, नको जाऊ. ऐकतोय कुठला! पाच दिवस अंथरुणात होता, बोटीच्या आठवणीने जीव जात होता त्याचा."

"इंजिन सुरू करण्याआधी झाकण उघडलं का त्यांनी?"

"उघडलं की. हुंगलंही. पण नाक चोंदलेलं होतं हो त्याचं, त्याला कॉफीचा वास येत नव्हता. मग इंजिन लागलं. तेवढ्यात श्पिरो घरातून अनवाणी पळत आला, अंगात नुसता बनियन. ओरडत होता, 'फ्राने, बंद कर, बंद कर!' आणि मग तो आवाज..." तिने डोळे पुसले. "देवासारखा धावला. त्याच्या नावाने चर्चमध्ये मोठी मेणबत्ती लावणार आहे मी."

"आधी ओरडला, मग स्फोट झाला?"

"आधीच. म्हणून तर माझं लक्ष गेलं."

रोकोने ग्लास उचलला. तळाशी काचेसारखे खडे चमकले.

"हे काय आहे?"

"वाइनचे खडे. थंडीत धरतात, पिंपात, बाटलीत, नळीत. कशाने लवकर निघत नाहीत. काही अपाय नाही, प्या."

हे खडे पांढरे होते. "बार्बा फ्राने लाल वाइन नाही का करत?"

"छातीत जळजळ होते त्याच्या. चाळीस वर्षांत आमच्या तळघरात लालचा थेंब आला नाही. लाल हवी तर श्पिरोकडे जा, गेल्याच आठवड्यात त्याने ती नळीने एका पिंपातून दुसऱ्यात काढली."

रोकोने ग्लास तसाच खाली ठेवला आणि धावत कार्यालय गाठलं. तुकडा उजेडाकडे धरला. आतले खडे जांभळट होते. क्लिपच्या स्क्रूवर रंगाचा एक ठिपका होता, तो त्याने काल बोटीचा रंग म्हणून सोडून दिला होता. आता तो नीट पाहिला. मोरपंखी होता. आपण किती गाढव आहोत, हे त्याला अगदी स्पष्ट कळलं.

*

बाराला फेरी लागली तेव्हा अख्खं गाव धक्क्यावर होतं. विंका आपलं सुट्या भागांचं खोकं घ्यायला आली होती. तिच्याभोवती दोन-दोन हात जागा मोकळी होती. रोको ताटली घेऊन थेट तिच्याकडे गेला.

"श्योरा विंका, यात श्पिरोसाठी नळी आहे?"

"एक मीटर."

"श्पिरो! तुझी नळी आली. चल, बाई बसवून देतील."

श्पिरो हसला. "हिच्या हातून? मला अजून जगायचंय."

दोघे-चौघे हसले. विंकाची मान खाली गेली, आणि रोकोला कालपासून पहिल्यांदा स्वतःऐवजी दुसऱ्या कुणाचा संताप आला.

"मग नुसतं झाकण उघड. बघू तरी किती टपकतंय."

"आत्ता? हात भाजलाय माझा. घाई काय आहे, कप्तान?"

"घाई तुला होती. तुझी नळी तडकली होती, फेरी बंद होती, बेटावर वीतभर नळी शिल्लक नव्हती. हे सकाळी तूच सांगितलंस. मग शनिवारी समुद्रात कसा गेलास? ती म्हाकुलं काय तुझ्या घरी चालत आली?"

आता कुणी हसलं नाही. रोको श्पिरोच्या बोटीत उतरला आणि त्याने इंजिनवरचं झाकण उचललं. आत काळी कुळकुळीत नवी नळी होती, अंगावर यंदाचं साल छापलेलं. दोन्ही टोकांपाशी नखाएवढी मोरपंखी रेघ होती, मध्येच तुटलेली.

"आता नियम गेला खड्ड्यात," असं म्हणत त्याने ताटली विंकापुढे धरली. "सांगा, हा ठिपका कसला?"

विंकाने क्लिप बोटांनी उजेडाकडे वळवली. "माझी सवय आहे. क्लिप आवळली की स्क्रूवरून थेट नळीपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढते. पुढे कुणी काही हलवलं तर रेघ तुटते, मला कळतं. ही माझी क्लिप आहे. नळी माझी नाही."

"तुमची नळी इथे आहे." रोकोने क्लिप काळ्या नळीच्या टोकाशी धरली. अर्धी रेघ अर्ध्या रेघेला जाऊन मिळाली. मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले.

"फ्राने तापाने पडला होता, बोट नुसतीच उभी होती," रोको म्हणाला. "याने तिची नवी नळी काढून स्वतःच्या बोटीत घातली. तिकडे रिकामं दिसू नये म्हणून लाल वाइन पिंपातून काढायची नळी कापून लावली, विंकाबाईंच्याच क्लिपा वापरून. म्हणून आत जांभळे खडे होते. वाइनला ती नळी चालते. पेट्रोलमध्ये दोन-चार दिवसांत कडक होते, आकसते. काल इंजिन थरथरलं आणि ती दुसऱ्या टोकाने निसटली. पेट्रोल तळात सांडलं. फ्रानेचं नाक बंद होतं. अख्ख्या गावात एकाच माणसाला माहीत होतं की ते इंजिन सुरू होता कामा नये. म्हणून स्फोटाच्या आधी ओरडणारा एकच माणूस होता."

श्पिरो बोट बांधायच्या खुंटावर बसला. "दोन दिवसांचा प्रश्न होता हो. म्हाकुलांचा हंगाम चालला होता, आणि तो आजारी. फेरी आली की नवी आणून गुपचूप लावणार होतो. रोज बघत होतो, टपकत नव्हतं. काल इंजिनाचा आवाज ऐकला आणि माझे पाय..." त्याने बँडेज बांधलेला हात तोंडावर घेतला.

"तू त्याला बाहेर काढलंस, तेही लिहीन," रोको म्हणाला. "पण आज सकाळी माझ्याकडे आलास तो या बाईंच्या नावावर सही मागायला."

"घाबरलो होतो."

पेरिना पिशवी घेऊन फेरीच्या पायरीवर उभी होती. "मेणबत्ती आणली होती रे मी तुझ्यासाठी," ती म्हणाली. मग ती आत निघून गेली.

रोकोने मुख्य कार्यालयाला फोन केला, पोलिस मागवले आणि धक्क्यावरच्या पिंपावर नवा फॉर्म ठेवून हाताने भरला. टपालाची पिशवी बंद होता होता त्याने तो आत कोंबला. खिशातून जुना फॉर्म अर्धा बाहेर आला होता. विंकाने तो ओढून घेतला आणि वाचला.

"माझं नाव लिहून ठेवलं होतंत?"

"काल रात्री. सही नव्हती केली." मग त्याला ते फारच कमी वाटलं. "चुकलो मी. तुकडा कालच दाखवायला हवा होता."

"हवा होता." ती म्हणाली. मागून कुणीतरी घसा साफ केला. "विंका, माझी बोट उद्या परत आणू का?" तिने वळूनही पाहिलं नाही.

तिने कोटाच्या खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि कागद पिंपावर पसरला. ब्रश बुडवून स्वतःच्या नावावरून एक रेघ ओढली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मोरपंखी. फुंकर घालून वाळवली.

"हा कागद आता वर्कशॉपच्या दारावर लागेल," ती म्हणाली. "माझं नाव पुन्हा कुणी हलवलं, तर मला कळेल."