वान-हिंगमधलं खिडकीचं टेबल

वादळाचा इशारा जाहीर व्हायच्या आत पुई-लाम छापखान्यात पोहोचली. हाँगकाँगच्या शामशुईपो भागातलं जुनं वान-हिंग चहाघर रविवारी कायमचं बंद होणार होतं, आणि निरोपाच्या जेवणाला नेहमीच्या गिऱ्हाइकांना तिनं तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राची एकेक प्रत मिळायची होती. तीस प्रती, एकही जास्त नाही. तीस झाल्या की त्या पत्र्यावर रेघ ओढून तो बाद करायचा आणि त्याचा एक शेवटचा छाप काढून ठेवायचा, हा या धंद्याचा रिवाज.

चहाघर तिनं मुद्दाम रिकामं दाखवलं होतं. छताचे पंखे, गिऱ्हाइकं सोबत आणत त्या पक्ष्यांचे पिंजरे टांगायचे आकडे, खिडकीशी एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. माणूस एकही नाही.

बाहेर वारा घोंगावत होता. भरदुपारी दिवे लावावे लागले होते. अर्ध्याअधिक प्रती सुरेख निघाल्या. तिनं पुन्हा छापयंत्राचं चाक फिरवलं, ओला कागद अलगद उचलला, आणि तिचा हात तसाच थांबला.

खिडकीशी एक म्हातारा बसला होता.

पुढच्या प्रतीत त्यानं किटली उचलली होती. त्याच्या पुढच्या प्रतीत किटलीतून चहाची धार सुटली होती आणि समोरची खुर्चीही भरली. पाठमोरी मुलगी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. पुई-लामचा हात आपसूक स्वतःच्या केसांकडे गेला. पेन्सिल तिथंच होती. शाईच्या वासात आता जुन्या चहाचा मातकट वास मिसळत चालला होता.

तिला कोरकाम शिकवणाऱ्या मुक उस्तादांना तिनं फोन लावला.

"काय गं, उंदीर की झुरळ?" उस्ताद हसले.

"उस्ताद, चित्रात माणूस आलाय."

"शाई नीट पुसली नसशील. भित्री भागूबाई कुठली!"

"तो मला चहा ओततोय..."

पलीकडचं हसू विरलं. "पोरी, तिथं चित्र काढत बसली होतीस, तेव्हा कुणी चहा दिला होता?"

तिला आठवलं. मान खाली घालून ती पिंजऱ्यांचे आकडे रेखाटत होती. कोपराशी कपात चहा पडल्याचा आवाज आला. तिथं सगळेच करतात तसं तिनं दोन बोटं टेबलावर वाजवून आभार मानले. मान वर केली तेव्हा जवळपास कुणीच नव्हतं. वेटर पुढं गेला असेल, असं तिला वाटलं होतं.

"मी बोटं वाजवली... न बघताच."

"म्हणजे पाहुणचार घेतलास. कुणाचा, कुणास ठाऊक." उस्तादांचा आवाज खाली आला. "कप भरला का?"

"नाही. धार अजून वरच आहे."

"भरला की तुला कायमचं तिथंच बसावं लागेल. पत्रा बाद कर. आत्ता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये हात उचलू नकोस."

"पण उस्ताद, रेघ माझ्याही पाठीवरून जाईल..."

फोन बंद पडला होता.

पत्र्यावरही आता ते दोघं कोरलेले दिसत होते. तिनं पोलादी सुई घेतली. पत्र्याच्या खिडकीकडच्या वरच्या कोपऱ्यात टेकवली आणि सगळा जोर लावून तिरकी खाली ओढली. तांबं किंचाळल्यासारखं वाजलं. म्हाताऱ्याच्या डोक्यातून, छातीतून, किटलीतून रेघ उतरली. टेबलाच्या कडेला आली. पुढं तो पेन्सिल खोचलेला अंबाडा होता.

पुई-लामची बोटं वळेनात. स्वतःवर सुई चालवायची कशी? तिनं हात उचलला.

एवढं पुरेल, तिनं मनाशी म्हटलं. म्हातारा तर कापला गेला ना! तिनं पत्र्याला शाई लावली, कागद ठेवला, चाक फिरवलं. शेवटचा छाप. बघितल्याशिवाय तिथून पाय निघणार नव्हता.

कागद उचलला.

रेघ उमटली होती, ठसठशीत. पण ती म्हाताऱ्याच्या रिकाम्या खुर्चीवरून गेली होती. खुर्ची मागं सरकवलेली होती, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी.

मुलगी मात्र जागची हलली नव्हती. फक्त आता ती पाठमोरी नव्हती. मान पूर्ण वळवून, डोळे फाडून ती कागदाबाहेर बघत होती. पुई-लामकडे नाही...

तिच्या खांद्यामागं.