सुनेच्या ताटातला मासा

रविवारच्या भर जेवणात गेयझाने हात लांबवला आणि गरोदर सुनेच्या ताटातला तळलेला कार्प मासा काट्याने उचलून सरळ स्वतःच्या तोंडात टाकला.

स्लावकाचे डोळे भरून आले. "बाबा, माझा एक घासही बघवत नाही का तुम्हाला?"

"पोटुशी पोर उपाशी आणि हा म्हातारा फुगतोय," त्याची बायको मार्गिता कडाडली. "लाज कुठे विकून आलास रे?"

गेयझा चावत राहिला... खरं सांगणार तरी कसं? मासे मार्गिताच्या भावाने, इम्रोने, गावाखालच्या तलावातून आणलेले. त्यांना नावं ठेवणं म्हणजे तिच्या माहेरालाच नावं ठेवणं! मागे एकदा त्याने विषय काढला, तर "पाणी काचेसारखं आहे, तुझंच डोकं गढूळ झालंय" म्हणत तिने अबोला धरला होता. तेव्हापासून त्या वत्सल जीवाने खादाडपणाचा कलंक माथी घेतला, पोट बिघडवून घेतलं, आणि घरात आलेला प्रत्येक मासा एकट्याने संपवला...

स्लावका उठली. "मी आईकडे जाते."

"थांब, पोरी." गेयझाने काटा खाली ठेवला. "जुन्या कारखान्याचं विषारी तेल कालव्यातून तलावात जायचं. पाण्यात ते दिसत नाही, माशाच्या चरबीत बसतं. कारखाना कधीच बंद पडला, पण ते जात नाही. माझं रक्त तपासलं ना, त्यात भरपूर निघालं. माझं काय, माझं आयुष्य झालं... पण आईच्या अंगातलं पोटातल्या बाळाला पोचतं, मग दुधातूनही जातं."

स्लावका परत खुर्चीत बसली. "म्हणून माझ्या ताटातलं..."



"उरलेला मांजरीला घालू?" मार्गिताने हळूच विचारलं.

"नको. तिलाही पिल्लं व्हायचीत."

"कोंबड्यांना?"

"अंडी कोण खातं?"

मार्गिता परात घेऊन बाहेर गेली, सगळं कचऱ्यात टाकून परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "मूर्खा," ती म्हणाली, "मला नातवंड हवंय तसा नवराही हवाय. यापुढे इम्रोचा मासा या उंबऱ्याच्या आत येणार नाही. त्याला मीच सांगते."

आणि बटाट्याच्या गोळ्यांची, वर मेंढीचं चीज घातलेली भरगच्च थाळी तिने त्याच्यापुढे ठेवली. स्लावकाने डोळे पुसत स्वतःच्या हाताने त्यावर साय घातली.

गेयझाच्या पोटात आता तीळभरही जागा नव्हती... पण किती दिवसांनी त्याला कुणी मायेने वाढलं होतं! त्याने पट्टा सैल केला आणि काटा उचलला.