अर्धा पलंग

दुखणं कुणाचंही असो, शेवटी त्याचा आकडा होतो, आणि तो आकडा लावायचं काम त्याचं होतं. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लाँड्रीला लागून असलेल्या खोलीत तो बसायचा. तिथली भिंत कायम कोमट. घरी गेलेल्या पेशंटच्या फायली वाचायच्या, डॉक्टर-नर्सनी जे जे लिहिलंय त्याला ठरलेला कोड लावायचा, की फाईल पुढे रवाना. जिन्यावरून पडल्याचा कोड वेगळा, शिडीवरून पडल्याचा वेगळा. पोपट चावल्याचासुद्धा आहे, बोला! वॉर्डात सगळे त्याला कोडवालाच म्हणायचे.

या कामाचा नियम साधा. लिहिलंय तेवढंच घडलं. लिहिलं नाही, ते घडलंच नाही.

तर झालं असं, की त्याला एकच मजकूर पुन्हा पुन्हा भेटायला लागला. 'पेशंट पलंगाच्या कडेला सरकून झोपतो. अर्धा पलंग रिकामा ठेवतो. विचारल्यास म्हणतो, त्यांना नको का जागा.' आधी पित्ताशय काढलेल्या आजींच्या फायलीत. मग पाय मोडलेल्या रंगाऱ्याच्या. मग अपेंडिक्सच्या एका मास्तरांच्या. दरवेळी त्याने तोच कोड लावला: विचित्र, कारण न कळणारं वागणं. असा कोड खरंच आहे. कुणाला काही कळलं नाही, हे सांगायलाही एक आकडा ठेवलाय.

"सिस्टर जुनंच उचलून चिकटवतायत," तो समोरच्या टेबलावरच्या ढोल्याला म्हणाला.

"मग जा की वर, झाप त्यांना," ढोल्या म्हणाला. "आणि येताना माझा चहा आण."

तो वर गेला. सिस्टर रिटायरमेंटला टेकलेल्या, आवाज चढवायची सवय नसलेल्या.

"चिकटवते? अहो, चष्मा लावून, बघून लिहिते मी. तो खिडकीजवळचा पलंग आहे ना, तिथे जो येतो तो कडेला सरकतो."

"आणि डॉक्टर काय म्हणतात?"

"डोक्याचा फोटो काढतात. चांगला येतो."

"मग?"

"मग मी लिहून ठेवते. पेशंट घरी जातो आणि हातपाय पसरून झोपतो. मी फोन करून विचारलंय प्रत्येकाला. तो प्रकार इथेच राहतो." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "लिहिलेलं बरं असतं."

त्याला हसू आलं. चहा घेऊन तो खाली आला.

नंतर त्याच्या बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. वॉर्डात पलंग एकच रिकामा होता. खिडकीजवळचा.

बाबा शाळेची बस चालवायचे. परत बसवर चढायचं तर फिटनेसचा दाखला हवा, आणि दाखला देणारे आधी फाईल बघणार. पण ऑपरेशन छान झालं, डॉक्टर खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी तो डबा घेऊन गेला, तर बाबा कठड्याला चिकटून पडलेले. उरलेल्या पलंगावर चादर नीट सारखी केलेली.

"बाबा, मधे सरका ना. पडाल."

"असू दे रे."

"अहो, एवढी जागा पडलीये."

बाबांनी आवाज अगदी खाली आणला. "लेका, त्यांना नको का?"

त्याने डबा खाली ठेवला. चादरीच्या रिकाम्या भागावर हात ठेवला. कोमट होती. खिडकीतून ऊन येत होतं, त्याने असेल.

सिस्टर फाईल उघडून मागे उभ्या होत्या.

"सिस्टर, नका लिहू."

"कोडवाले, माझं ऐका..."

"तो कोड मीच लावणार ना? त्याचं पुढे काय होतं मला माहितीये. दाखला गेला, बस गेली. घरी बसवलं तर खचतील हो ते. हात जोडतो."

सिस्टरनी त्या रिकाम्या चादरीकडे एकदा बघितलं. मग त्यांनी टोपण लावलं.

"बरं. पण हे आता तुमच्यावर."

बाबा घरी आले. फाईलला कोड त्यानेच लावला, नुसता हर्नियाचा. टाक्यांना धक्का नको म्हणून आई खाली गादी घालून झोपायची. सकाळी म्हणाली, "काय हो, अख्खा पलंग दिलाय तर कडेला लटकताय कशाला? कुणासाठी जागा अडवलीये?" बाबांनी रिकाम्या बाजूची चादर सारखी केली. असंच चाललं. बाबा चहा प्यायलाही त्या बाजूला पाठ करून बसत नसत.

एका संध्याकाळी त्याचं डोकं फिरलं. तो सरळ जाऊन पलंगाच्या रिकाम्या भागावर बसला. चांगला मांडी घालून.

बाबा दचकले. त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचा चेहरा सैल पडला, जसा प्रवासात जड पिशवी खाली ठेवल्यावर पडतो.

सकाळी बाबा मधोमध, हातपाय पसरून घोरत होते.

दाखला मिळाला. सोमवारी बाबांनी गल्लीच्या तोंडाशी मुद्दाम हॉर्न वाजवला, आईने खिडकीतून हात केला. त्याला इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

ऑफिसला पोचल्यावर तो आधी वर गेला.

"खिडकीजवळ नवीन पेशंट आहे," सिस्टर म्हणाल्या. "मस्त मधोमध झोपतो. लिहिण्यासारखं काही नाही."

"बघा! नाही लिहिलं, काही बिघडलं?"

सिस्टर हसल्या नाहीत. "तुम्ही बरे आहात ना?"

"एकदम."

तो खाली आला. फायलींचा गठ्ठा ओढला. पलीकडे लाँड्रीची यंत्रं घुमत होती.

ढोल्याने मान वर केली.

"काय रे, अर्ध्या खुर्चीवर बसलायस? कुणाची जागा धरलीयेस?"

त्याने खाली पाहिलं. खरंच की. एक मांडी पार हवेत.

"लक्षातच नाही आलं," तो म्हणाला आणि मधे सरकला.

"सॉरी," तो हळूच पुटपुटला, आणि परत कडेला आला.