लाल कुलपाची नोंद

आभाळ कोरडं ठणठणीत होतं, तरी तिच्या हेल्मेटवर टपटप पाऊस पडत होता.

कूलिंग टॉवरखालून जाताना रोजच असं व्हायचं. वर पंखे गरगरत, पाण्याचे बारीक तुषार उडत आणि खालून जाणाऱ्याला भर उन्हात भिजवून सोडत. बाकीचे ऑपरेटर तिथून पळत सुटायचे. ती मात्र मुद्दाम चाल मंदावायची. अख्ख्या फेरीतला तेवढाच एक सुखाचा कोपरा!

त्या दिवशी तिथे आधीच कुणीतरी उभं होतं. खांद्याला हत्यारांची पिशवी, चेहरा वर, डोळे मिटलेले, ओठांचा चंबू.

"अहो, पंप तिकडे आहे," ती ओरडली. टॉवरपाशी ओरडल्याशिवाय काही ऐकूच जायचं नाही.

त्याने एक डोळा उघडला. "माहितीये. पण पाऊस इकडे आहे ना!"

हा नवा फिटर. कामभर शिट्टी वाजवायचा, म्हणून आठवड्याच्या आत सगळे त्याला 'शिट्टी' म्हणू लागले. यंत्रांच्या घरघरीत ती कुणाच्या कानावर पडत नसे, हा भाग वेगळा. आणि ती 'तराजू'. काट्यावर दोनदा नजर टाकल्याशिवाय वहीत आकडा उतरवत नसे, म्हणून.

रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर व्हायचं तिने ठरवलं, तेव्हा घरात दादाने कपाळाला हात लावला होता. "तिथे? तू?" आईने पहिल्या महिन्याची पगाराची चिठ्ठी चष्मा लावून वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाली, "दादा, हिच्याकडून काहीतरी शीक." विषय संपला.

काम तिला मनापासून आवडायचं. दर दोन तासांनी फेरी — दाब बघ, तापमान बघ, टाकीची पातळी टिप, नमुना भरून प्रयोगशाळेत पाठव. एखाद्या पंपाचा संशय आला, की स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडावर टेकवायची आणि डोळे मिटून ऐकायचं.

"काय म्हणतोय?" एकदा शिट्टीने विचारलं.

"बेअरिंग कुरकुरतंय. चार दिवस काढेल फार तर."

चौथ्या दिवशी त्याने पंप उघडला. बेअरिंगचा भुगा झाला होता.

"तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतंत."

"आणि तुम्ही?"

"मी... पेशंट," तो म्हणाला आणि उगाचच पाना पुसत बसला.

ती हसली नाही. पण पुढची फेरी तिने पंधरा मिनिटं आधीच सुरू केली — आणि वाट टॉवरखालचीच धरली.

दिवस असे चालले होते. तिची पॅनेलची परीक्षा गुरुवारी होती. पास झाली, तर कंट्रोल रूममध्ये पडद्यांसमोरची खुर्ची, अख्खा प्लँट हाताखाली आणि पगार घसघशीत वाढलेला. शनिवारी मुख्य फिटरच्या बढतीची यादी लागणार होती. त्या यादीत शिट्टीचं नाव नक्की, असं जो तो म्हणत होता.

आणि मंगळवारी ते लाल कुलूप आडवं आलं.

रीत अशी होती, की पंपाला हात लावण्याआधी फिटरने त्याचा विजेचा खटका पाडून तो बंद करायचा आणि खटक्याला आपलं लाल कुलूप घालायचं. किल्ली एकच, त्याच्याच खिशात. तो आत हात घालून बसलेला असताना कुणी पंप सुरू केला तर? म्हणून ते कुलूप त्याचं त्यानेच काढायचं.

तीनच्या पाळीला ताबा देताना आधीचा ऑपरेटर म्हणाला, "पंप तयार आहे." तिने मान डोलावली. साडेतीनला पॅनेलवरून हुकूम आला, "चालू कर." ती खटक्यापाशी गेली — आणि लाल कुलूप तिच्याकडे बघत होतं. जोडीचा दुसरा पंप दुरुस्तीसाठी आधीच उघडून ठेवलेला. प्लँट खोळंबला.

प्लँटभर त्याला शोधण्यात वीस मिनिटं गेली, तेव्हा तिने फोन लावला. "तुमचं कुलूप इथे आहे."

पलीकडून आलं, "अरे देवा... आलोच!"

घर त्याचं चांगलं अर्ध्या तासाच्या अंतरावर. पण तो चार मिनिटांत हजर! केस नीट विंचरलेले, पण टॉवरखालून धावत आल्याने ओले. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, त्यावर घाईघाईत चढवलेला डगला. मान खाली घालून त्याने कुलूप काढलं. पंप सुरू झाला. एकूण सव्वीस मिनिटं वाया गेली होती.

पाळीचे इन्चार्ज — सगळे त्यांना काका म्हणत — वहीपाशी येऊन हळूच म्हणाले, "पोरी, 'दुरुस्तीला वेळ लागला' असं लिही, भागेल. याची यादी शनिवारी, तुझी परीक्षा परवा. कशाला दोघांचं नुकसान?"

तिने पेन उचललं. समोर तो उभा. ओल्या केसांतून एक थेंब त्याच्या कॉलरवर पडला. त्याने मान हलवली... लिहा.

तिने लिहिलं. फिटरचं कुलूप खटक्यावर राहिलं. ताबा घेताना मी खटका स्वतः पाहिला नाही. सव्वीस मिनिटं पंप बंद. फोन केल्यावर फिटर चार मिनिटांत हजर. शेवटचा रकाना होता 'कारण'. तिथे तिने लिहिलं: विचारून सांगते.

"तू म्हणजे तराजूच," काकांनी सुस्कारा सोडला.

गुरुवारी परीक्षकांनी तेच पान तिच्यापुढे धरलं. "स्वतःची चूक स्वतःच लिहिलीत?"

"घडली होती, साहेब."

ती पास झाली. शनिवारी यादी लागली. त्याचं नाव नव्हतं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं त्याला सांगण्यात आलं.

रविवार तिने कसाबसा ढकलला. दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवून दिला. लिहिलेल्याचा पस्तावा नव्हता; पुन्हा तशी वेळ आली, तरी ती तेच लिहिणार होती. पण तो आता टॉवरखाली थांबेल का?... तेवढं मात्र कुठल्याच काट्यावर दिसत नव्हतं.

सोमवारी तो तिथेच होता. चेहरा वर, डोळे मिटलेले.

"रागावलात?" तिने ओरडून विचारलं.

"कुणावर? कुलूप मी विसरलो, तुम्ही नाही."

"मग माझा एक रकाना रिकामा आहे. कारण सांगा."

त्याने डोळे उघडले. "सांगायलाच हवं?"

"नियम आहे."

"त्या दिवशी काम संपलं पावणेतीनला. तुम्ही गेटवर येता तीनला पाच मिनिटं कमी असताना. मधल्या दहा मिनिटांत आंघोळ, शर्ट, केस... कुलूप तेवढं राहिलं."

"मी त्या दिवशी लवकर आले होते. अभ्यासाला."

"ते मला काय माहीत! जवळजवळ तासभर उभा होतो. म्हटलं, बस चुकली असेल."

आवाज तिने नियम वाचून दाखवावा तसा ठेवला. "आणि गेटवर काय काम होतं?"

"विचारायचं होतं..." तो अडखळला. "म्हणजे... आयुष्यभर माझ्या चुका वहीत लिहाल का?"

"माझ्यासुद्धा लिहीन. चालेल?"

"चालेल."

"पगार माझा जास्त असेल."

"धावेल!"

"मग आई-दादांना भेटायला ये. रविवारी. तोच शर्ट घालून." 'या'चं 'ये' कधी झालं, ते तिला बोलून गेल्यावर कळलं. तिने ते दुरुस्त केलं नाही.

त्याने पुन्हा ओठांचा चंबू केला. शिट्टी वाजत होती, एवढं दिसत होतं. पण पंखे गरगरत होते आणि तिच्या कानांत बोळे होते. ते प्लँटमध्ये काढायला सक्त मनाई. आणि जाणूनबुजून नियम तर तिने आजवर मोडला नव्हता.

म्हणून भर उन्हातल्या त्या पावसात ती एक पाऊल पुढे सरकली. मग आणखी एक... शिट्टी ऐकू येईपर्यंत.